गोर्लेबेन : मिठावर वसलेल्या गावाचा प्रवास

शनिवार

उत्तर जर्मनीतील ल्युनेबुर्गहून डानेनबेर्गला जाणारी गाडी छोटी आहे, फेऱ्याही मोजक्याच, आणि ऑगस्टच्या अखेरच्या त्या शनिवारी डब्यात प्रवाशांपेक्षा सायकलीच अधिक होत्या. साधारण तासाभराचा हा मार्ग ग्यॉर्डेच्या जंगलातून, हिट्झाकरच्या टेकडीजवळून जातो आणि डानेनबेर्गला एकाएकी संपतो. पूर्वी तो संपत नसे. एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा लोहमार्ग ड्यॉमिट्झ येथे एल्ब नदी ओलांडून विटेनबेर्गेपर्यंत जात असे. 20 एप्रिल 1945 रोजी तिथला रेल्वेपूल बाँबफेकीत कोसळला आणि पुढे नदीच पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली सीमा झाल्यामुळे तो पुन्हा कधीच उभा राहिला नाही. आमच्या प्रवासाचे गाव गोर्लेबेन. ते समजून घ्यायचे तर सुरुवात या तुटलेल्या रुळांपासून करणे योग्य ठरते, कारण त्याच्या अलीकडच्या इतिहासातील बहुतेक गोष्टी ते असे टोकाला पडल्यामुळे घडल्या.

याच रुळांवरून 1995 ते 2011 या काळात किरणोत्सारी कचऱ्याच्या अवजड पोलादी पिंपांच्या तेरा वाहतुकी डानेनबेर्गपर्यंत आल्या. त्यांतल्या बहुतेक फ्रान्समधील ला हाग येथील, वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनःप्रक्रिया केंद्रातून निघाल्या होत्या. मार्च 2001 मध्ये झ्यूशेनडॉर्फ या खेड्याजवळ काही निदर्शकांनी रुळांखालच्या काँक्रीटमध्ये स्वतःचे हात अडकवून घेतले होते, आणि रूळ कापून त्यांना सोडवेपर्यंत ती गाडी थांबून राहिली. खिडकीतून आम्हांला दिसली ती मक्याची उंच शेते, बटाट्याचे वाफे आणि त्यांमधून वाहणारे पाटासारखे सरळ कालवे.

डानेनबेर्गहून गोर्लेबेन सुमारे वीस किलोमीटरवर आहे. आम्ही सायकलींनी लांगेनडॉर्फ, ग्रिपेल, लाझे अशी गावे घेत गेलो. कचऱ्याची पिंपे गाडीतून उतरवून मोठ्या ट्रकवर चढवली, की तीही बहुधा याच रस्त्याने गोर्लेबेनच्या गोदामाकडे जात. जवळजवळ प्रत्येक घराच्या कुंपणावर किंवा धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर पिवळ्या फळ्यांची फुली दिसते. ती या वाहतुकीच्या विरोधाची खूण. काही फुल्यांचा रंग उडाला आहे, काहींवर वेली चढल्या आहेत, आणि काही मात्र अगदी नव्याने रंगवलेल्या आहेत. शेवटची वाहतूक होऊन इतकी वर्षे लोटली तरी त्या कोणी काढलेल्या नाहीत, आणि त्यामागचे कारण दुसऱ्या दिवशी आमच्या लक्षात आले.

संध्याकाळी गावात पोहोचल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो सपाटपणा. गोर्लेबेन समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटर उंचीवर, एल्बच्या डाव्या काठावर आहे. गावाच्या उत्तरेला पूररक्षक बांध, त्यापलीकडे कुरणे आणि नदी. दक्षिणेला मात्र जमीन किंचित उंच होते आणि तिथून पाइनचे विस्तीर्ण जंगल सुरू होते. ही रचना हिमयुगाने घडवली. उत्तरेकडून आलेल्या बर्फाच्या थरांचे पाणी वितळून वायव्येकडे, समुद्राच्या दिशेने वाहत गेले आणि त्याने काही किलोमीटर रुंदीची जी दरी कोरली, तिच्यातून आजची एल्ब वाहते. दरीतली कोरडी वाळू वाऱ्याने उडून काठावर साचली. या वाळूच्या टेकड्या आजही जंगलात स्पष्ट दिसतात. त्यांवर शेती होत नाही, म्हणून पाइन लावले गेले. आणि शेती नाही म्हणून माणसेही विरळ राहिली. 1972 च्या पुनर्रचनेत शेजारचे मेचो हे गाव गोर्लेबेनमध्ये विलीन झाले, तरीही आज संपूर्ण ग्रामपालिकेची लोकसंख्या सहाशेच्या आसपासच आहे. ल्यूखो-डानेनबेर्ग हा जिल्हा जुन्या पश्चिम जर्मनीतील सर्वांत कमी लोकवस्तीचा जिल्हा आहे.

गावाचा लेखी इतिहास चौदाव्या शतकापासून मिळतो. राज्ये बदलत गेली: हा भाग आधी ल्युनेबुर्गच्या ड्यूककडे होता, मग हानोवरच्या राज्यात आला, 1866 नंतर प्रशियाकडे गेला आणि 1946 पासून लोअर सॅक्सनी प्रांतात आहे. गावकऱ्यांचे पोट मात्र नदीवर चालत असे, कारण येथील अनेक घरे नावाड्यांची आणि मासेमाऱ्यांची होती. छोटे बंदर अजून आहे, पण आता तिथे फक्त हौशी लोकांच्या बोटी उभ्या असतात. आमची राहण्याची सोय झाली होती ते घरही एका जुन्या नावाड्याच्या कुटुंबाचे. घरमालकीणबाईंनी रात्रीच्या जेवणाला उकडलेले नवे बटाटे, दही आणि जवसाचे तेल असे साधे ताट मांडले आणि उद्या जंगलात जाणार असाल तर दुपारी दोनच्या आत क्रुसांपाशी पोहोचा, असे आवर्जून सांगितले.

रविवार

सकाळी आम्ही गावाच्या दक्षिणेकडे, गार्टोच्या जंगलात शिरलो. पाइनच्या सरळ रांगा, पायाखाली वाळू, आणि मग झाडी अचानक संपून कुंपणामागे एक पांढुरके टेकाड दिसते. तो मिठाचा ढीग आहे. जमिनीखालून खणून वर काढलेले सुमारे चार लाख टन मीठ कित्येक दशके इथे उघड्यावर पडून होते. जवळच शाफ्टचे, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या खोल उभ्या विहिरींचे, दोन मनोरे आहेत.

या मिठाची हकीकत गावाच्या हकीकतीहून फार जुनी आहे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी आजच्या उत्तर जर्मनीच्या जागी एक उथळ समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा आटत गेला आणि तळाशी मिठाचे जाड थर साचले. त्यांवर पुढे वाळू, चिकणमाती, खडू असे जड थर चढले, तेव्हा दाबाखाली मऊ पडलेले मीठ कमजोर जागा शोधत हळूहळू वर सरकले. गोर्लेबेनखालचा मिठाचा घुमट असा तयार झाला. तो सुमारे चौदा किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त चार किलोमीटर रुंद आहे. त्याचा माथा जमिनीखाली साधारण अडीचशे मीटरवर, तर तळ तीन हजार मीटरहून अधिक खोल आहे. मीठ कोरडे असते, त्याला पडलेल्या भेगा कालांतराने आपोआप मिटतात आणि ते उष्णता चांगली वाहून नेते. म्हणून अणुकचरा कायमचा पुरून ठेवण्यासाठी मिठाचे थर योग्य ठरतील, असे त्या वेळी अनेक शास्त्रज्ञांना वाटत होते.

22 फेब्रुवारी 1977 रोजी लोअर सॅक्सनीचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्ट यांनी गोर्लेबेनचे नाव जाहीर केले. अणुइंधनाच्या पुनःप्रक्रियेचा प्रचंड कारखाना, साठवणीची गोदामे आणि खाली मिठात कायमचे दफन, असा सगळा पसारा इथे एकाच जागी उभा राहणार होता. आधी इतर जागांचा अभ्यास सुरू असताना गोर्लेबेन पुढे का आले, यावर जर्मनीत पुढे चार दशके वाद झाला आणि त्यासाठी केंद्रीय संसदेची चौकशी समितीही बसली. माझे मत असे की नकाशा पाहिला तरी बरेचसे उत्तर मिळते. उत्तरेला आणि पूर्वेला पूर्व जर्मनीची सीमा, तीही इतकी जवळ की अर्धा परीघ शत्रुराष्ट्रातच पडावा. उद्योग नाहीत, रोजगार कमी, माणसे थोडी आणि मतदार परंपरेने सरकारी पक्षाच्या बाजूचे. अशा लोकांकडून विरोध होईल, असे कोणाला वाटले नसावे.

विरोध झाला, आणि तो प्रथम शेतकऱ्यांनीच केला. मार्च 1979 च्या शेवटच्या आठवड्यात शेकडो ट्रॅक्टर घेऊन ते हानोवरकडे निघाले. ताफा वाटेत असतानाच, 28 मार्चला, अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुभट्टीत अपघात झाल्याची बातमी आली, आणि 31 मार्चला हानोवरच्या रस्त्यांवर सुमारे एक लाख लोक जमले. दीड महिन्याने, 16 मे रोजी, आल्ब्रेख्ट यांनी विधानसभेत सांगितले की पुनःप्रक्रियेचा कारखाना तांत्रिकदृष्ट्या शक्य असला तरी राजकीयदृष्ट्या रेटता येणार नाही. कारखाना गेला, मिठाचे संशोधन आणि गोदाम मात्र राहिले. त्या काळातील जिल्हा नागरिक समितीच्या अध्यक्षा मारियान फ्रिट्झेन यांचे पोलिसांच्या लांबलचक रांगेसमोर एकट्या उभ्या असलेले छायाचित्र जर्मनीत फार प्रसिद्ध आहे. 2016 साली, नव्वदी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले.

खाणीचे काम 1986 मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी पहिल्या शाफ्टमध्ये झालेल्या अपघातात एक खाणकामगार मृत्युमुखी पडला. दोन्ही शाफ्ट पुढे 840 मीटर आणि त्याहूनही खोल गेले, खाली बोगदे खोदले गेले, आणि या संशोधनावर दीड अब्ज युरोहून अधिक खर्च झाला. यातला कळीचा प्रश्न मिठापेक्षा मिठाच्या वरच्या आवरणाचा होता. एका प्राचीन हिमयुगात बर्फाखालच्या पाण्याने घुमटाच्या माथ्यावर खोल चर कोरला आणि मिठाला पाण्यापासून वाचवणारा चिकणमातीचा थर तिथे कापला गेला. भूशास्त्रज्ञ या चराला गोर्लेबेनची घळ म्हणतात. तिच्यातून भूजल मिठापर्यंत पोहोचते. खोदकामाच्या पहिल्या टप्प्यातच ही गोष्ट समोर आली होती आणि क्वाटर्नरी, म्हणजे हिमयुगांच्या भूशास्त्रीय काळाचे अभ्यासक क्लाउस डूफॉर्न यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी याच कारणासाठी गोर्लेबेनविरुद्ध मत दिले होते. तरीही काम चालू राहिले. मला या संपूर्ण प्रकरणातील हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते, कारण जमिनीने आपले उत्तर फार लवकर दिले होते.

खाणीपासून थोड्या अंतरावर कचऱ्याच्या तात्पुरत्या साठवणीच्या गोदामाची इमारत आहे. साधारण 182 मीटर लांब, 38 मीटर रुंद आणि 20 मीटर उंच अशी ती साधी काँक्रीटची इमारत असून भिंतींमधल्या झरोक्यांतून हवा आत शिरते आणि पिंपांची उष्णता घेऊन छतावाटे बाहेर पडते. गावातले लोक तिला बटाट्याचे कोठार म्हणतात. उच्च पातळीच्या किरणोत्सारी कचऱ्याची 113 पिंपे आत उभी आहेत. आम्ही कुंपणापाशी थांबलो, तेव्हा पलीकडच्या बाजूने एक सुरक्षारक्षक आला आणि नम्रपणे अभिवादन करून पुढे निघून गेला.

पहिले पिंप 25 एप्रिल 1995 रोजी आले. त्या वेळी केंद्रातील पर्यावरणमंत्री आंगेला मेर्केल होत्या. त्यानंतर प्रत्येक वाहतुकीच्या वेळी हजारो पोलिस या शांत जिल्ह्यात उतरत, शेतकरी रस्त्यांत ट्रॅक्टर आडवे लावत, शाळकरी मुले रुळांवर बसत आणि आजीबाई थर्मासमधून चहा पुरवत. नोव्हेंबर 2011 मधल्या शेवटच्या वाहतुकीला फ्रान्सपासून गोर्लेबेनपर्यंत पाच दिवसांहून अधिक वेळ लागला.

दुपारी दोनला आम्ही झाडीतल्या लाकडी क्रुसांपाशी पोहोचलो. 1988 साली बव्हेरियातील वाकर्सडॉर्फपासून, म्हणजे गोर्लेबेनला नाकारला गेलेला कारखाना जिथे उभा राहत होता त्या गावापासून, काही लोक खांद्यावर मोठा क्रूस घेऊन पायी इथवर आले होते. तेव्हापासून दर रविवारी इथे प्रार्थना होत आली आहे. आम्ही गेलो त्या दिवशी पंधरा-वीस माणसे होती. बहुतेक वृद्ध, काहींनी दुमडत्या खुर्च्या सोबत आणलेल्या. एक स्तोत्र झाले, एका बाईंनी आठवड्यातील बातम्यांचा उल्लेख केला, मग मौन, आणि शेवटी सर्वांनी थर्मासमधली कॉफी वाटून घेतली. आम्ही परधर्मीय आणि परदेशी असूनही कोणी चौकशी केली नाही, फक्त आमच्या हातात कप दिले.

प्रार्थनेनंतर एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांनी सांगितलेली एक बाजू बाहेरच्या वाचकांना फारशी ठाऊक नसते. गोर्लेबेन गाव स्वतः या लढ्यात एकमुखी नव्हते. खाणीने आणि गोदामाने नोकऱ्या दिल्या, ग्रामपालिकेला भरपाईचा पैसा मिळाला, सभागृहे आणि रस्ते झाले, आणि ग्रामसभेचे बहुमत दीर्घकाळ प्रकल्पाच्या बाजूने होते. एकाच घरात एक भाऊ खाणीत कामाला आणि दुसरा रस्त्यावर बसलेला, अशी उदाहरणे होती. काही कुटुंबे नाताळातही एकत्र जेवत नसत. ही दुफळी अजून पुरती सांधलेली नाही, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात कोणावरही राग नव्हता.

2013 च्या नव्या कायद्याने जर्मनीने जागेचा शोध पहिल्यापासून सुरू केला. 28 सप्टेंबर 2020 रोजी केंद्रीय संस्थेचा अंतरिम अहवाल आला, त्यात देशाचा सुमारे 54 टक्के भूभाग पुढील तपासणीसाठी ठेवला गेला आणि गोर्लेबेन वगळले गेले. कारणांमध्ये मिठावरच्या अपुऱ्या आवरणाचा स्पष्ट उल्लेख होता. पुढच्या वर्षी खाण बंद करण्याचा निर्णय झाला आणि 2024 च्या अखेरीस ढिगातले मीठ पुन्हा बोगद्यांत भरायला सुरुवात झाली. गोदामातील 113 पिंपे मात्र जिथल्या तिथे आहेत. पिवळ्या फुल्या अजून का उतरलेल्या नाहीत, त्याचे कारण हेच.

सोमवार

आज नदीचा दिवस. बांधावरून पूर्वेकडे सायकल चालवताना डाव्या हाताला एल्ब आणि तिची पूरकुरणे, उजव्या हाताला बांधामागची शेते दिसत राहतात. हा सारा पट्टा 2002 पासून प्रांताचे संरक्षित जीवावरण क्षेत्र आहे. पांढरे करकोचे उन्हाळाभर इथे असतात, पण ऑगस्टच्या मध्यावर ते आफ्रिकेकडे निघालेले असल्यामुळे आम्हांला त्यांची छपरांवरची रिकामी घरटीच पाहायला मिळाली. क्रौंच मात्र शेतांत जमू लागले होते. हिवाळ्यात उत्तरेकडून हंस येतात. बीव्हरने कुरतडलेली विलोची खोडे जागोजागी आढळतात.

मेचोजवळ झेगे ही छोटी नदी एल्बकडे येते. या पाणथळ संगमावर मध्ययुगात एक स्लाव गढी होती आणि पुरातत्त्वज्ञांनी तिचे उत्खनन केले आहे. या प्रदेशात सातव्या-आठव्या शतकापासून स्लाव लोक वसले होते आणि मेचो, गार्टो, ल्यूखो अशी गावांची नावे त्यांच्याच काळातली. त्यांची भाषा या जिल्ह्यात अठराव्या शतकापर्यंत टिकली. ती मरू लागली आहे हे जाणून झ्यूटेन गावच्या योहान पारुम शुल्ट्झे या शेतकऱ्याने आपल्या बखरीत तिचे शब्द टिपून ठेवले. तो 1677 मध्ये जन्मला आणि 1740 मध्ये वारला. कोणत्याही विद्यापीठात न गेलेल्या त्या माणसाने केलेल्या कामाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मेचोच्या पुढे जमीन एकदम उठते. ह्यॉबेक ही टेकडी जेमतेम पंचाहत्तर मीटरची, पण चारही बाजूंनी दरीने वेढलेली असल्यामुळे ती मोठी वाटते. बर्फाच्या थराने दाबून रेटलेल्या वाळूमातीचा हा उंचवटा पुढे नदीच्या पाण्यात बेटासारखा उरला. सपाट प्रदेशात अशी उंच जागा लष्कराला हवी असते. फ्रँक राजवृत्तांत एल्बकाठच्या होहबुओकी नावाच्या किल्ल्याचा उल्लेख आहे: 810 मध्ये विल्त्सी स्लावांनी तो उद्ध्वस्त केला आणि फ्रँक सम्राट शार्लमेनच्या आज्ञेने पुढच्या वर्षी तो पुन्हा बांधला गेला. बहुतेक अभ्यासक तो किल्ला फीट्झे गावाजवळच्या याच उतारावर होता असे मानतात. मातीचे जुने तट झाडीत अजून ओळखू येतात. अकराशे वर्षांनी टेकडीचा उपयोग पुन्हा तसाच झाला. इथल्या उंच मनोऱ्यांवरून पूर्व जर्मनी ओलांडून पश्चिम बर्लिनशी दूरध्वनी संपर्क ठेवला जाई. त्यांपैकी 344 मीटरचा मनोरा अजून उभा आहे. जुना 324 मीटरचा मनोरा 2009 मध्ये पाडला गेला.

टेकडीवरून नदीचे वळण आणि पलीकडचे लेंत्सेन शहर स्पष्ट दिसते. 1945 ते 1989 या काळात नव्वदहून अधिक किलोमीटरपर्यंत एल्ब हीच दोन जर्मनींमधील सीमा होती आणि ती सीमा नदीच्या मध्यावर आहे की पूर्व काठावर, यावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही. 1966 साली गोर्लेबेनजवळ एक पश्चिम जर्मन जहाज नदीची खोली मोजत असताना पूर्व जर्मन गस्ती नौकांनी ते अडवण्याचा प्रयत्न केला, दोन्ही काठांवर सशस्त्र सैनिक उभे राहिले आणि ब्रिटिश सैन्यही तिथे पोहोचले. सुदैवाने गोळी सुटली नाही.

पेवेस्टॉर्फहून तरीने आम्ही पलीकडे गेलो. काही मिनिटांचा हा प्रवास चार दशके अशक्य होता. लेंत्सेनच्या बाजूला जे पाहिले ते माझ्या मते या परिसरातील सर्वांत आशादायक काम आहे. नदीच्या एका कठीण वळणावर जुना बांध पात्राच्या अगदी जवळ होता आणि पुराचे पाणी तिथे धोकादायक रीतीने तुंबत असे. 2005 ते 2009 या काळात तिथे नवा बांध बराच आत बांधून जुना बांध ठिकठिकाणी उघडला गेला आणि सुमारे 420 हेक्टर जमीन नदीला परत मिळाली. 2013 च्या मोठ्या पुरात या मोकळ्या जागेमुळे पाण्याची पातळी स्पष्टपणे कमी राहिली. सीमेच्या काळात या काठावर कोणालाही फिरकू दिले जात नसे, म्हणून ही कुरणे नांगरापासून वाचली. आता तिथे नव्याने लावलेली ओक आणि एल्मची झाडे पूर सोसून वाढत आहेत.

परत फिरण्याआधी लेंत्सेनच्या ईशान्येकडील रूडोचे तळे आणि राम्बोची दलदल पाहायला गेलो. गोर्लेबेनचा मिठाचा पट्टा नदीखालून इथवर पोहोचतो. भूजलाने वरचे मीठ विरघळले, जमीन खचली, आणि खचलेल्या खोलगटात हे तळे आणि ही दलदल तयार झाली. लाकडी मचाणावर उभे राहून वेताच्या बेटांवरून उडणारे पक्षी पाहताना, ज्या प्रश्नावर पलीकडे चाळीस वर्षे अहवाल लिहिले गेले त्याचा एक पुरावा इथे उघड्यावर आहे, हे प्रकर्षाने जाणवले. मीठ आणि पाणी एकमेकांना भेटले की काय होते, हे समजायला इथे शाफ्ट खणावा लागत नाही. 1989 पर्यंत सीमेमुळे पश्चिमेच्या भूशास्त्रज्ञांना पट्ट्याचा हा अर्धा भाग तपासताच येत नव्हता.

मंगळवार

शेवटचा दिवस गार्टो आणि त्याच्या दक्षिणेकडील जंगलासाठी ठेवला होता. गार्टोचा वाडा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. आंद्रेआस गोटलीब फॉन बेर्नस्टोर्फ यांनी 1694 मध्ये ही जहागीर विकत घेतली होती. ते हानोवरचे मंत्री होते आणि त्यांचा शासक 1714 मध्ये पहिला जॉर्ज म्हणून ब्रिटनच्या गादीवर बसला, तेव्हा काही वर्षे लंडनच्या राजकारणावरही त्यांचा प्रभाव होता. वाडा खासगी असल्यामुळे तो बाहेरूनच पाहता येतो.

1970 च्या दशकात अणुउद्योगाने मिठाच्या घुमटावरची जमीन विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांनी चांगल्या किमतीला ती विकली. सर्वांत मोठे मालक असलेल्या काउंट आंद्रेआस फॉन बेर्नस्टोर्फ यांनी कोट्यवधी मार्कांचा देकार नाकारला. जुन्या हानोवर प्रांतातील कायद्यानुसार मिठावरचा हक्क जमिनीच्या मालकाचा असतो, त्यामुळे त्यांच्या जमिनीखाली शोधकार्य करणे सरकारला कठीण झाले. पुराणमतवादी घराण्याचा जमीनदार, नांगर धरणारे शेतकरी, शहरांतून येऊन गोलाकार खेड्यांतल्या पडक्या घरांत राहिलेले कलाकार आणि गावचे पाद्री एकाच बाजूला उभे राहावेत, हे जर्मनीत क्वचितच घडले असेल. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बारा दिवस चालणारी कलाकारांची ग्रामजत्रा याच मिलाफातून 1990 च्या सुमारास सुरू झाली.

गार्टोहून ट्रेबेलकडे जाताना नेमिट्झचा माळ लागतो. ऑगस्ट 1975 मध्ये लागलेल्या भीषण वणव्यात इथले जंगल जळून गेले, त्यानंतर काही भागात पुन्हा झाडे न लावता माळ तसाच राखला गेला. आम्ही गेलो तेव्हा हीदरची फुले ऐन बहरात होती, क्षितिजापर्यंत जांभळा रंग पसरला होता आणि मेंढपाळ आपला कळप घेऊन रस्ता ओलांडत होता. मेंढ्या कोवळी झाडे खातात, म्हणूनच हा माळ माळ राहतो.

याच जळक्या पट्ट्यात, गोर्लेबेन आणि ट्रेबेल यांच्या दरम्यान, मिठाच्या तपासणीसाठी 1004 क्रमांकाची कूपनलिका खोदली जाणार होती. 3 मे 1980 रोजी काही हजार लोकांनी ती जागा ताब्यात घेऊन तिथे लाकूड, माती आणि पेंढ्याची वस्ती उभारली आणि तिला वेंडलँडचे, म्हणजे या भागाचे, स्वतंत्र प्रजासत्ताक असे नाव दिले. सभागृह होते, स्नानगृह होते, रेडिओ केंद्र होते, आणि आत येणाऱ्याला पासपोर्टवर शिक्का मारून मिळत असे. आजूबाजूचे शेतकरी बटाटे आणि भाकरी पुरवत. 4 जून रोजी हजारो पोलिसांनी वस्ती रिकामी करून बुलडोझरने जमीनदोस्त केली. लोक जमिनीवर बसून राहिले, त्यांना उचलून नेण्यात आले, आणि प्रतिकारात कोणी हात उगारला नाही. आज तिथे तरुण पाइन उभे आहेत. त्या प्रजासत्ताकाचा हिरव्या रंगावर नारिंगी सूर्य असलेला झेंडा मात्र जिल्ह्यातल्या अनेक अंगणांत अजून फडकतो.

संध्याकाळी सामान घ्यायला घरी परतलो, तेव्हा घरमालकीणबाईंना मी विचारले की खाण बुजवली जात असताना आता गावाची मागणी काय आहे. त्यांनी टेबलावरचे वर्तमानपत्र बाजूला सारून सविस्तर सांगितले. गोदामाचा परवाना 2034 पर्यंतचा आहे. कायमच्या जागेची निवड 2031 पर्यंत व्हायची होती, पण संबंधित संस्थेने 2022 मध्येच ती 2046 किंवा त्याहूनही पुढे जाईल असे कळवले. त्यानंतर बांधकाम, मग हलवाहलव. कायद्याने कचऱ्याला दहा लाख वर्षांची सुरक्षितता हवी आहे, आणि तोपर्यंत तो ज्या छताखाली उभा आहे ते छत मूळ काही दशकांसाठी बांधलेले. म्हणून नव्या परवान्याच्या वेळी भिंती जाड कराव्यात, पिंपांची तपासणी आणि दुरुस्ती जागेवरच करण्याची सोय असावी, आणि सुनावणी ल्यूखोमध्येच, सर्वांना येता येईल अशा वेळी व्हावी, यासाठी लोक आता अर्ज तयार करत आहेत. पूर्वी प्रकल्पाच्या बाजूने असलेले काही शेजारीही या वेळी सह्या करायला आले होते. पुढची बैठक गुरुवारी संध्याकाळी ट्रेबेलमध्ये होती, आणि त्या तिथे बटाट्याचे सूप घेऊन जाणार होत्या.

डानेनबेर्गची गाडी गाठण्यासाठी आम्ही या वेळी गुस्बोर्नवरून जाणारा दक्षिणेकडचा रस्ता धरला.